राखून ठेवलेले बळ

गरोदरपणाच्या 26 व्या आठवड्यातली ती संध्याकाळ होती. मी ट्रेनरवर, म्हणजे घरात जागच्या जागी सायकल चालवण्याच्या साधनावर होतो. चार-चार मिनिटांच्या इंटरव्हलपैकी, म्हणजे मध्ये विश्रांती घेत जोर लावण्याच्या टप्प्यांपैकी, तिसरा चालू होता आणि त्यातले शेवटचे मिनिट उरले होते. समोरचा पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, चाकाची घरघर भिंतींवर आदळून परत येत होती आणि हँडलवरच्या टॉवेलवर घामाचे थेंब टपटपत होते. शेजारच्या खोलीतून माझ्या जोडीदाराची हाक आली, "अरे, लवकर ये, हात ठेव." मी बुटांना पेडलशी जोडणारे क्लीट सोडवून उतरलो, बुटांचा टकटक आवाज करत तिच्यापाशी गेलो, तळवा पुसला आणि तिने दाखवलेल्या जागी ठेवला. आम्ही दोघेही श्वास रोखून थांबलो. माझे हृदय त्या वेळी मिनिटाला 170 च्या आसपास धडधडत असणार. तळव्याखाली काहीतरी ठोके देत आहे असे मला वाटले आणि मी आनंदाने तिच्याकडे पाहिले. तिने मान हलवली आणि म्हणाली, "तो तुझाच हात धडधडतो आहे. बाळ आता शांत आहे."

त्यानंतर बाळाची हालचाल माझ्या हाताला अनेकदा जाणवली आहे, त्यामुळे त्या दिवशी काही हुकले याची खंत उरलेली नाही. मात्र तो क्षण मनातून जाता जात नाही. माझ्या शरीराचा गलबला इतका मोठा होता की तळव्याखालचे दुसरे शरीर शांत आहे हेसुद्धा मला कळले नाही. ज्या धडधडीसाठी मी वर्षानुवर्षे पहाटे उठत आलो, तिनेच माझा हात बधिर करून टाकला होता.

शर्यतीचा सराव ज्यांनी केला आहे त्यांना हे ठाऊक असते की या खेळात शिल्लक ठेवणे हा दोष मानला जातो. शेवटच्या चढावर पाय भरून आले असताना आणखी दहा वॉट कुठून काढायचे, तोंडात लोखंडासारखी चव आली असताना पुढच्या चाकाची सोबत कशी सोडायची नाही, हेच आम्ही शिकतो. अंतिम रेषा ओलांडल्यावर बोलता येण्याइतका श्वास उरला असेल, तर ते बळ रस्त्यावर का खर्च केले नाही असा प्रश्न प्रशिक्षक विचारतो आणि तो रास्तही असतो. सरावाचे शास्त्र असे की शरीरावर भार टाकायचा, ते थकले की विश्रांती द्यायची आणि त्या विश्रांतीत ते पहिल्यापेक्षा थोडे अधिक समर्थ होऊन उभे राहते. म्हणजे सराव जितका रस्त्यावर घडतो तितकाच नंतरच्या झोपेत, पाय वर करून पडून राहण्यात आणि कुणाशी न बोलता घालवलेल्या दुपारीत घडतो. वर्षानुवर्षे मी ही दुपार माझ्या हक्काची समजत आलो. सायकलपटूंच्या घरांमध्ये वाद होतो तो बहुधा रस्त्यावर गेलेल्या तीन तासांवरून, परंतु माझ्या मते खरी किंमत त्यानंतरच्या तीन तासांची असते. माणूस घरी परतलेला असतो, त्याचा आवाज ऐकू येत असतो, पण तो कुणाच्या उपयोगी पडण्याच्या अवस्थेत नसतो.

दोघेच होतो तोवर ही किंमत आम्ही आळीपाळीने देत होतो, कारण तीसुद्धा सायकल चालवते. लांब पल्ल्यात माझ्यापेक्षा ती अधिक चिवट आहे. मी चढावर पुढे जातो, पण पाचव्या तासानंतर तिचा वेग जसाच्या तसा असतो आणि माझा उतरणीला लागलेला असतो. पोट पुढे येऊ लागले आणि शरीराचा तोल बदलला तेव्हा तिने रस्त्यावरची सायकल थांबवली. डॉक्टरांना विचारून ती आता ट्रेनरवर हँडल उंच करून हलक्या गिअरवर पाय फिरवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वैद्यकीय अडचण नसलेल्या गर्भवती स्त्रीने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा. ती तेवढा नेमाने करते. सीटच्या दांड्यावर आता दोन खुणा आहेत, एक तिच्या उंचीची आणि एक माझ्या. माझ्या आधी ती बसून गेली असेल तर सीट किंचित उबदार लागते आणि खोलीत तिच्या श्वासाचा दमटपणा उरलेला असतो.

तिच्या शरीरात काय चालले आहे हे मी वाचू लागलो तेव्हा एका सायकलपटूच्या नजरेने वाचू लागलो, आणि थक्क झालो. गरोदरपणात रक्तातील प्लाझ्माचे, म्हणजे द्रव भागाचे प्रमाण 40 ते 50 टक्क्यांनी वाढते. हृदय दर मिनिटाला जितके रक्त बाहेर टाकते त्यात 30 ते 50 टक्क्यांची भर पडते. विश्रांतीतले ठोके मिनिटाला 10 ते 20 ने वाढतात, आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली श्वास आपोआप अधिक खोल होतो. आम्ही उंच डोंगरावरच्या शिबिरांत तीन-चार आठवडे राहतो ते तांबड्या पेशी काही टक्क्यांनी वाढाव्यात म्हणून, आणि तेवढ्या वाढीसाठी घरादारापासून दूर राहणे योग्य मानतो. तिच्या हृदयाने हे कुणाला न सांगता, झोपेतसुद्धा, महिनोन्‌महिने चालवले आहे. तरीही जिन्याचे दोन मजले चढल्यावर ती कठड्याला धरून उभी राहते आणि म्हणते, "एवढं कसं दमले मी?" त्या वेळी मी तिला आकडे सांगतो. तिला ते आवडतात असे मला वाटते, कारण कष्टाला आकडा लाभला की त्याला मान मिळतो हे तीही याच खेळात शिकली आहे.

आदराबरोबर मला आणखी एक भावना जाणवली आणि तिचे नाव घ्यायला मी बराच काळ कचरत होतो. ती बाहेर उभे असल्याची भावना होती. बाळाच्या येण्याने तिचे शरीर आतून बदलत होते आणि माझे जसेच्या तसे होते. तेच वजन, तीच विश्रांतीतली नाडी, तोच एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी सर्वाधिक ताकद. कदाचित त्यामुळेच त्या महिन्यांत मी सरावाला अधिक घट्ट धरून राहिलो. या सगळ्या घडामोडीत माझ्या शरीरालाही काही काम हवे होते. मग 2011 मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन वाचनात आले. फिलिपिन्समधील सेबू येथील 624 तरुणांच्या टेस्टोस्टेरॉनच्या पातळ्या सुमारे साडेचार वर्षांच्या अंतराने मोजल्या गेल्या. मधल्या काळात जे बाप झाले त्यांची पातळी लक्षणीय घसरली होती, आणि रोज तीन तासांहून अधिक वेळ मुलाची देखभाल करणाऱ्यांमध्ये ती सर्वांत कमी आढळली. सायकलपटू या संप्रेरकाची घसरण म्हणजे अतिसरावाचा इशारा समजतो, त्यामुळे पहिल्या वाचनात मला भीती वाटली. दुसऱ्यांदा वाचताना वाटले की बाप होणे ही केवळ मनाची आणि कागदपत्रांची गोष्ट नाही, पुरुषाच्या शरीरालाही त्यात हाक दिली जाते, फक्त ती उशिरा येते आणि मूल हातात घेतल्यावरच ऐकू येते.

दरम्यान शर्यत होतीच.

शर्यत 36 व्या आठवड्यात येणार होती आणि तिची नोंदणी आम्ही दोघांनी विचार करून केली होती. ती सोडून दे असे ती एकदाही म्हणाली नाही. उलट, मी सराव चुकवला की तिला अस्वस्थ वाटे. घरात सगळेच काही बाळापाशी येऊन थांबू नये, असे तिचे म्हणणे होते. त्यामुळे सराव करायचा की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो कोणता भाग ठेवायचा आणि कोणता सोडायचा, आणि येथे मला एक विचित्र पेच सापडला. 1980 च्या दशकात व्यायामशास्त्राचे संशोधक रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की, कमावलेली ऑक्सिजन वापरण्याची क्षमता टिकवण्यासाठी फार वेळ लागत नाही. दहा आठवडे आठवड्याचे सहा दिवस रोज 40 मिनिटे कसून व्यायाम केलेल्या लोकांनी दिवस कमी करून दोनवर आणले, किंवा दिवस तेच ठेवून वेळ 13 मिनिटांवर आणला, तरी पुढच्या 15 आठवड्यांत ती क्षमता जवळजवळ तशीच राहिली. अट एवढीच होती की तीव्रता कमी करायची नाही. ज्यांनी वेळ तोच ठेवून तीव्रता घटवली त्यांची क्षमता घसरली. वेळेची ओढाताण असलेल्या प्रत्येक सायकलपटूला हे संशोधन दिलासा देते आणि मलाही दिला. पण जी तीव्रता राखा असे शास्त्र सांगते, तीच माणसाला घरी निरुपयोगी करून पाठवते. वेळ वाचतो आणि माणूस संपतो. तळव्यातली धडधड तीव्रतेची होती. संथ गतीने चार तास चालवून आलो असतो तर त्या हाताला बाळाची शांतता नक्की कळली असती.

यावर मी शोधलेला मार्ग कोणत्याही पुस्तकातला नाही आणि तो सर्वांना लागू पडेल असा माझा दावा नाही. तीव्र सराव मी ठेवला, पण प्रत्येक सत्रातला शेवटचा इंटरव्हल काढून टाकला. पाच जमत असतील तर चार. तोही दिवस असा निवडायचा की पुढचे सहा तास घराला माझी गरज कमी असेल. लांबच्या फेऱ्या संथ केल्या, इतक्या की फोनवर पूर्ण वाक्यात बोलता यावे. पहिल्या काही आठवड्यांत हे अंगावर आले. चौथा इंटरव्हल संपला की पाय आपोआप पाचव्याची तयारी करू लागत आणि त्यांना थांबवणे हे पाचवा पूर्ण करण्यापेक्षा अवघड वाटे. पाठीवर एक न वापरलेली ताकद घेऊन घरात येण्याची सवय मला नव्हती. हळूहळू लक्षात आले की जी ताकद वापरली नाही ती वाया जात नाही. कपाटाच्या वरच्या फळीवरची पेटी काढायची असते, तिच्या सुजलेल्या पायांना आधार द्यायचा असतो, रात्री दोन वाजता तिला झोप येत नसते तेव्हा जागे राहून बोलायचे असते. त्या शेवटच्या, न केलेल्या इंटरव्हलचे बळ तेथे सापडत होते.

तारखांची गोष्टही मला या महिन्यांत नव्याने कळली. शर्यतीचा सराव तारखेकडे पाहून आखला जातो. त्या सकाळी शरीर नेमके टोकावर असावे म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत सरावाचे प्रमाण 40 ते 60 टक्क्यांनी उतरवतात, तीव्रता मात्र तशीच ठेवतात, आणि पाय ताजे होत जातात. बाळाचीही एक तारीख दिलेली असते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात 280 दिवस मिळवून ती काढतात. जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखला जाणारा हा हिशेब दोन शतकांचा जुना आहे. पण नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच असतात. उरलेली आपापल्या वेळेने येतात. एका तारखेसाठी धार लावणे मला येते. कोणत्याही रात्री तयार असणे हे निराळे कौशल्य आहे आणि त्यात टोकावर पोहोचणे हाच दोष ठरतो, कारण टोकाच्या पलीकडे उतरण असते. तयारी अशी हवी की ती आठवडेच्या आठवडे टिकेल आणि हाक आली त्या घटकेला पुरी पडेल.

मोठ्या सायकलपटूंकडे मी अशा वेळी आधारासाठी पाहतो. 2024 च्या टूर द फ्रान्समध्ये बेल्जियमच्या व्हिक्टर कांपेनार्ट्‌सने 18 वा टप्पा जिंकला तेव्हा तो नुकताच बाप झाला होता. उंचावरच्या दीर्घ सरावशिबिरात त्याची दिवस भरत आलेली जोडीदार सोबत होती. जिंकल्यावर तो ढसाढसा रडला आणि त्याने श्रेय तिला दिले. ते पाहून माझेही डोळे भरले होते. तरी आज ती गोष्ट आठवताना मी त्याच्या जोडीदाराचा विचार अधिक करतो. परक्या डोंगरावर, दिवस भरत आलेले असताना, रोज संध्याकाळी थकून येणाऱ्या माणसाला ती काय सांगत असेल? आयांच्या गोष्टी यापेक्षा कठीण आहेत. अमेरिकेची क्रिस्टिन आर्मस्ट्राँग 2008 मध्ये टाइम ट्रायलचे, म्हणजे एकटीने घड्याळाविरुद्ध चालवण्याच्या शर्यतीचे ऑलिंपिक सुवर्ण जिंकली, 2010 मध्ये आई झाली आणि 2012 व 2016 मध्ये तेच सुवर्ण पुन्हा जिंकली. ब्रिटनच्या लिझी डेगननला 2018 मध्ये मुलगी झाली आणि 2021 मध्ये स्त्रियांची पहिलीवहिली पॅरिस-रूबे शर्यत तिने 80 किलोमीटरहून अधिक अंतर एकटीने पुढे राहून जिंकली. ओल्या दगडी रस्त्यावर तिच्या हातमोजे नसलेल्या हातांनी हँडलवर रक्ताचे डाग पडले होते. बाप झालेल्या सायकलपटूंच्या पुनरागमनाची चर्चा फारशी होत नाही, कारण ते कुठे गेले होते असा प्रश्नच कुणी विचारत नाही. मला तो विचारावासा वाटतो. निदान स्वतःपुरता.

उतारावरचा फरक मात्र मी ठरवून केलेला नाही, तो आपोआप झाला. डोंगर चढून गेल्यावर पलीकडचा उतार हा माझ्या सायकलिंगमधला सर्वांत निखळ आनंद होता. हात हँडलच्या खालच्या वळणावर, हनुवटी स्टेमजवळ, कानांत वाऱ्याशिवाय काही नाही, आणि वळणात शिरताना बाहेरच्या पेडलवर सगळे वजन. गेल्या काही महिन्यांत बोटे वळणाच्या कितीतरी आधी ब्रेकवर जातात. गटातून उतरताना पुढच्या चाकापासूनचे अंतर वाढते आणि मग सपाटीवर ते भरून काढण्यासाठी नाहक जोर लावावा लागतो. तेथे जाणारी काही सेकंदे मला दिसतात आणि त्यांचे दुःखही होते, हे मी लपवणार नाही. ज्या निर्भयतेवर माझी थोडीफार ओळख उभी होती ती कमी होते आहे. त्याच वेळी त्या लवकर दाबलेल्या ब्रेकमध्ये एक अनोळखी माया आहे, जी मी अजून न पाहिलेल्या कुणासाठी माझ्या बोटांत येऊन बसली आहे. दोन्ही भावना एकाच वळणावर असतात आणि मी त्यांना एकमेकींवर मात करू देत नाही.

प्रसूतीच्या तयारीच्या वर्गात आम्हाला कळांविषयी सांगितले तेव्हा मी वहीत जे उतरवले ते पाहून मीच चपापलो. कळा पाच मिनिटांच्या अंतराने येऊ लागल्या, प्रत्येक कळ मिनिटभर टिकली आणि असे तासभर चालले, की निघायचे. एक मिनिट कष्ट, चार मिनिटे विश्रांती, तासभर. असा तक्ता माझ्या भिंतीवर कित्येकदा लागलेला आहे. पण साम्य येथेच संपते. माझा इंटरव्हल मी सुरू करतो आणि नको वाटल्यास थांबवतो, तिची कळ तिला विचारून येणार नाही. शिवाय मधल्या विश्रांतीचा अर्थही वेगळा आहे. कळ येते तेव्हा गर्भाशयाचा स्नायू आवळला जाऊन वारेकडे जाणारे रक्त काही काळ घटते आणि कळ ओसरली की ते पुन्हा वाहू लागते. म्हणजे ती मधली मिनिटे बाळाच्या श्वासाची आहेत. पहिलटकरणीच्या बाबतीत हे बारा तास किंवा त्याहूनही अधिक चालू शकते. सोबत असणाऱ्याने कमरेच्या खालच्या भागावर तळव्यांनी दाब द्यावा, पाणी द्यावे, श्वासाची लय धरून ठेवावी, आणि मुख्य म्हणजे जाऊ नये. प्रसूतीत सतत कुणीतरी सोबत असण्याचे परिणाम तपासणाऱ्या 26 चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2017 मध्ये घेतला होता. त्यात 15,000 हून अधिक स्त्रियांचा समावेश होता, आणि अशी सोबत मिळालेल्यांमध्ये सिझेरियनचे प्रमाण कमी व प्रसूतीचा कालावधी काहीसा कमी आढळला. केवळ कुणी तेथून न हलल्याने एवढा फरक पडतो, हे वाचून मी फार वेळ त्या पानावर थांबलो होतो. आम्ही घरी दाबाचा सराव करतो. ती टेबलावर हात टेकून वाकते आणि मी माकडहाडाच्या वर तळवे ठेवून हळूहळू वजन देतो. "अजून," ती म्हणते, "अजून थोडं." किती जोर लावायचा हे कोणताही पॉवर मीटर सांगत नाही. ते तिच्या पाठीतूनच कळून घ्यावे लागते, आणि त्यासाठी माझा हात शांत असावा लागतो.

शर्यतीचा आठवडा आता जवळ आला आहे. सराव उतरवायला सुरुवात केली आहे आणि ताजे होत जाणाऱ्या पायांत ओळखीची शिरशिरी येऊ लागली आहे. आदल्या दिवशी सर्व ठीक असेल तरच जायचे, मार्ग घराजवळून जातो म्हणून फोन चालू ठेवून खिशात बाळगायचा, आणि तो वाजला तर कोणत्याही किलोमीटरवर बाजूला व्हायचे, असे आमचे ठरले आहे. तो वाजला नाही, तर मात्र मी जिंकण्यासाठी चालवणार आहे, आणि त्यात हात राखणार नाही. त्या एका दिवसापुरती ती मुभा तिने दिली आहे, किंबहुना तिचा तसा आग्रह आहे.

त्यानंतरच्या आठवड्यांचा तक्ता प्रशिक्षकाने मागितला तेव्हा मी तो कोरा ठेवून पाठवला. जन्मानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत आठवड्याला दोन छोटी सत्रे जमली तर जमली. पूर्ण खंड पडला तर चार आठवड्यांच्या आत ऑक्सिजन वापरण्याची क्षमता 4 ते 14 टक्क्यांनी उतरू शकते हे मला ठाऊक आहे, आणि ते मान्य आहे. काल रात्री तिने तो कोरा कागद माझ्याकडून मागून घेतला, मधोमध एक उभी रेघ ओढली आणि डाव्या बाजूला स्वतःचे नाव लिहिले. डॉक्टरांनी परवानगी दिली की एक दिवस ती आणि एक दिवस मी ट्रेनरवर बसणार, आणि जो बसणार नाही त्याच्याकडे बाळ. पहिली पाळी कुणाची यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.